पाणी शिरते एकीकडे, गळते दुसरीकडे

कल्याण–अहिल्यानगर महामार्गाने ओतूर सोडून माळशेजच्या दिशेने निघाले की जुन्नर तालुक्यातले डिंगोरे हे गाव लागते. या तालुक्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जातो. घाटमाथ्यावर आठवडा आठवडा झड, तर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला आणे पठारावर पाण्याची कायमची टंचाई. जुनी छपरे हे ओळखून होती. कमी पावसाकडे मातीचे सपाट माळवद, घाटाकडे चांगल्या उताराची कौले. आता दोन्हीकडे सरसकट स्लॅब नाहीतर पत्रा दिसतो. गळतीच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

कौले असतील तर

बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे कुंभाराच्या नळीच्या कौलांची जागा या चपट्या ‘मंगलोरी’ कौलाने घेतली. हे कौल खालच्या नाकाने रिपेला धरून बसते. त्यामुळे कौलारू घर गळते ते पुष्कळदा कौल फुटल्याने नव्हे, ते सरकल्याने. रीप वाकली किंवा वानरांची टोळी घरावरून गेली, की ओळच्या ओळ बोटभर खाली येते.

शोधायची रीत सोपी आहे. मे महिन्यात भर दुपारी दारे-खिडक्या लावून आत अंधार करा आणि वर पाहा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथून जूनमध्ये पाणी येणार. वासे आणि रिपा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक लोण्यात शिरावे तसे आत गेले तर वाळवीने आपले काम उरकलेले असते. शाकारताना निघालेली चांगली जुनी कौले फेकू नका. दुसऱ्या कारखान्याचे कौल मापाला बसतेच असे नाही.

पत्रा: पाण्याआधी वाऱ्याचा विचार

‘निसर्ग’ चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि घाट चढून पुणे जिल्ह्यात शिरले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात कितीतरी घरांवरचे पत्रे आणि कौले गेली. पत्रा उडतो तो वारा वरून ढकलतो म्हणून नव्हे. वारा छपरावरून जाताना पत्र्याला वर ओढतो, आणि उघड्या दारातून घरात शिरलेला वारा आतून रेटा देतो. हा ओढा कडांवर आणि कोपऱ्यांवर सर्वात जास्त असतो. बांधकामाच्या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर धरला आहे. पत्र्यावर चार दगड ठेवून हे भागत नाही. उलट वादळात तेच दगड डोक्यात पडतात.

कडेच्या ओळींना बोल्ट जवळजवळ हवेत. पत्रा लोखंडी पाइपाला नीट पकडलेला असावा, आणि पाइप भिंतीत किंवा खांबात गाडलेला. विटेवर नुसता टेकवलेला नसावा. बोल्ट नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा. खोलगट भागातून पाणी वाहते, तिथे भोक पाडले की गळती आपल्याच हाताने केली म्हणायची. पत्रे टाकायला पूर्वेच्या टोकाकडून सुरुवात करावी, म्हणजे जोडाची उघडी कड माळशेजकडून येणाऱ्या वाऱ्याला पाठ करून राहते. गवंडी सोयीच्या बाजूने सुरू करतो, म्हणून हे आधीच सांगावे लागते.

जुन्या पत्र्याचा एखादा वॉशर काढून हातात घ्या. चार-पाच उन्हाळे सोसलेले रबर बिस्किटासारखे तुटते. पाणी त्या भोकातून शिरते, पत्र्याच्या पोटाने उतार धरून घरंगळते आणि चार फूट खाली दिव्याच्या होल्डरवर थेंब पडतो. आपण मात्र होल्डरच्या बरोबर वर डांबर लावून मोकळे होतो. थेंबापासून उताराच्या वरच्या दिशेला शोधत जावे.

स्लॅब: पहिले पंधरा दिवस

स्लॅबच्या दिवशी घरात लगबग असते, कामगारांच्या जेवणाची गडबड असते, आणि मिक्सरमध्ये पाणी किती पडते ते कोणी पाहत नाही. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला साधारण 25 ते 27 लिटर पाणी पुरते. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पसरायला सोपा जावा म्हणून पाण्याची जादा बादली ओतली, की ते पाणी पुढे उडून जाते आणि काँक्रीटमध्ये बारीक छिद्रे ठेवते. घरमालकाने त्या दिवशी पाहुण्यांपेक्षा मिक्सरजवळ थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सळईखाली कव्हर ब्लॉक हवेतच, किमान 20 मिलिमीटरचे. ते नसतील तर सळई सेंट्रिंगला टेकते, पुढे गंजते, फुगते आणि छताचे पापुद्रे पाडते. स्लॅबवर आळी करून पाणी किमान 7 दिवस साठवावे. बाजारात बहुतेक मिळते ते राखमिश्रित पीपीसी सिमेंट. त्याला 10 दिवस द्यावेत. टेकू काढण्याची घाई नको. साध्या सिमेंटसाठी मानक साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान 7 दिवस सांगते आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14. पीपीसीला आणखी थांबावे. सज्जाचे टेकू सर्वात शेवटी काढावेत.

गळक्या स्लॅबवरचे इलाज

दुकानदार आधी गळतीरोधक रसायनाचा डबा दाखवतो. तो घेण्याआधी गच्चीवर बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जाते ते पाहा. शंभर फुटांना एक फूट, म्हणजे वीस फूट गच्चीला जवळपास अडीच इंच उतार असावा. पाणी मध्येच थांबत असेल तर कोणतेही रसायन दोन-चार पावसाळ्यांत हार मानते. तिथे विटांच्या तुकड्यांचा कोबा करून उतार काढणे हाच खरा इलाज. कठडा आणि स्लॅब मिळतात तो कोपरा गोलाई देऊन बुजवावा, कारण फट तिथेच पडते. काम झाल्यावर पन्हळाचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवा आणि मगच हिशेब चुकता करा.

आतून पापुद्रे पडत असतील तर हातोडीने हलके ठोकून पाहावे. पोकळ, भद्द आवाज येईल तेवढा भाग फोडून सळईचा गंज घासून काढावा लागतो. वरून नुसते प्लास्टर मारणे म्हणजे जखमेवर रंग लावणे. सळई झिजून बारीक झाली असेल तर गवंड्यावर न थांबता इंजिनिअरला दाखवा.

अनेक जण वैतागून स्लॅबवर पत्र्याचे शेड उभारतात. गळती थांबते, कांदाही वाळत घालता येतो. मात्र उंचावरच्या त्या शेडला वारा खालच्यापेक्षा जास्त लागतो, हे पाइप रोवताना लक्षात ठेवा. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होते. ती भिंतीच्या किंवा तुळईच्या वर बसवा, खोलीच्या मधोमध नको.

वर चढण्याआधी

सिमेंटचा जुना पत्रा दिसतो तसा भक्कम नसतो. शेवाळाखाली तो ठिसूळ होतो आणि माणूस सरळ आरपार खाली येतो. त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून तो करवतीने कापू नका. दुरुस्ती करायचीच असेल तर पाइपांवर आडवी फळी टाका, कमरेला दोर बांधा आणि खाली एक माणूस उभा ठेवा. पाऊस चालू असताना तर चढूच नका. घरात बादली लावा आणि उघडीप होईपर्यंत थांबा.