घरगुती आवाजाची मर्यादा आणि निर्वात नलिका गिटार विवर्धकाची नादजाती

प्रस्तावना :

भारतीय संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नादाची तीन लक्षणे सांगितलेली असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. ही लक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे विद्यार्थ्यास शिकविले जाते आणि सर्वसाधारण विवेचनापुरते ते पुरेसेही ठरते. विद्युत् गिटार आणि तिला जोडलेला निर्वात नलिकांचा विवर्धक या जोडीच्या बाबतीत मात्र हे गृहीतक टिकत नाही. जुन्या रेडिओमुळे ‘व्हॉल्व्ह’ या नावाने घरोघरी परिचित झालेल्या या नलिकांच्या विवर्धकात नादाचा लहानमोठेपणा बदलला की त्याची जातीही बदलते. रंगमंचावर भरदार व लवचीक वाटणारा ध्वनी घरातील खोलीत आवाज उतरविताच कोरडा आणि पातळ होतो. हा दोष यंत्राचा की ऐकणाऱ्याच्या कानाचा, आणि त्यावरील प्रचलित उपाय कितपत उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विरूपणातून घडणारा ध्वनी :

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन अग्रांची नलिका सिद्ध केल्यानंतर विवर्धनाच्या तंत्राचे ध्येय एकच राहिले : मूळ संकेत जसाच्या तसा, केवळ मोठा करून देणे. गिटारवादकांनी हे ध्येय जवळजवळ उलटे केले. नलिकेला तिच्या क्षमतेपलीकडचा संकेत दिला की तरंगांचे माथे चपटे होतात आणि मूळ स्वरासोबत नवे उपस्वर निर्माण होतात. अभियंत्याच्या भाषेत हे विरूपण होय, पण वादकाच्या दृष्टीने हाच वाद्याचा आवाज. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवून उपस्वर जागविणाऱ्या देशात ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. दोन्हींची यंत्रणा मात्र अगदी भिन्न आहे.

हे विरूपण विवर्धकात एकाच ठिकाणी होत नाही, आणि संपूर्ण प्रश्नाचे मर्म येथेच आहे. प्रथम १२एएक्स७ सारख्या लहान नलिकांचा पूर्वविवर्धक येतो. त्यानंतर ईएल३४ किंवा ६व्ही६ यांसारख्या शक्तिनलिका, त्यांना जोडलेले निर्गम रोहित्र आणि शेवटी कागदी शंकूचा स्पीकर. पूर्वविवर्धकातील विरूपण कमी आवाजातही मिळविता येते. शक्तिनलिका मात्र पूर्ण क्षमतेजवळ आल्याशिवाय विरूपण देत नाहीत. त्यांनी अधिक प्रवाह मागितला की वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खाली येतो. दिष्टकारक म्हणूनही नलिका वापरली असेल तर हा उतार अधिक जाणवतो. तारेवर आघात करताच स्वर किंचित दबतो आणि मग फुलतो, ही वादकाला बोटांखाली जाणवणारी लवचीकता त्यातूनच येते. अनेक वादक ज्याला ‘जिवंतपणा’ म्हणतात तो बव्हंशी हाच.

लंडनमध्ये जिम मार्शल यांच्यासाठी केन ब्रान व डडली क्रेव्हन यांनी १९६२-६३ च्या सुमारास फेंडर कंपनीच्या बेसमन विवर्धकाच्या आधारे जेटीएम४५ तयार केला. या पिढीतील विवर्धक सभागृह भरण्यासाठी होते आणि त्यांत शक्तिविभागासाठी वेगळे आवाजनियंत्रण नव्हते. एरिक क्लॅप्टन यांनी १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्यासमवेत ‘ब्लूज ब्रेकर्स’ या ध्वनिमुद्रिकेचे वादन केले, तेव्हा स्टुडिओतही मार्शल विवर्धक रंगमंचाइतक्याच जोराने वाजविण्याचा आग्रह धरला. तो केवळ हट्ट नव्हता. हवी असलेली नादजाती त्या आवाजाखाली यंत्रात अस्तित्वातच नव्हती.

डेसिबलचे गणित :

या विषयावरील चर्चेत सर्वाधिक गोंधळ वॅट या एककाने केला आहे. शंभर वॅटचा विवर्धक पन्नास वॅटच्या दुप्पट मोठा वाजतो, ही समजूत चुकीची आहे. शक्ती दुप्पट झाल्यास पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते.

गिटारच्या स्पीकरची कार्यक्षमता हा हिशोब आणखी कठीण करते. सेलेस्चन कंपनीच्या प्रसिद्ध ‘ग्रीनबॅक’ स्पीकरची संवेदनशीलता एका वॅटला एक मीटर अंतरावर ९८ डेसिबल दिली जाते. त्यानुसार १०० वॅटला ११८, १० वॅटला १०८ आणि एका वॅटला ९८ डेसिबल पातळी मिळेल. वॅटच्या शंभराव्या भागातही ७८ डेसिबल उरतात, तर साधे संभाषण ६० च्या आसपास असते. भारतात ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती परिसरातील पातळीची मर्यादा असल्याने खोलीतील आकड्याशी थेट ताडून पाहता येत नाही, तरी दोहोंमधील दरी स्पष्ट आहे. शिवाय प्रश्न शेजाऱ्यांपुरता नाही. अमेरिकेतील ‘नायॉश’ संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात, तर १०० डेसिबल पंधरा मिनिटेच.

‘घरासाठी पाच वॅट पुरे’ हा विक्रेत्यांचा सल्ला या आकड्यांपुढे फसवा ठरतो. मार्शल कंपनीने २०१२ मध्ये सुवर्णमहोत्सवानिमित्त एक वॅटचे विवर्धक काढले, ही दिशा योग्यच होती. पण एक वॅटही पूर्ण क्षमतेने वाजविल्यास बंद खोलीत जोराचाच आवाज होतो.

उपायांचा विचार :

सर्वांत सोपा मार्ग मास्टर व्हॉल्यूमचा. १९७० च्या दशकात तो रुळला. पूर्वविवर्धक भरपूर विरूपण करतो आणि शक्तिविभागाकडे जाणारा संकेत रोखला जातो. यातून आवाज हवा तेवढा कमी होतो, परंतु शक्तिनलिकांचा वाटा गमवावा लागतो. चारपैकी दोन शक्तिनलिका काढून ठेवण्याची युक्तीही सांगितली जाते. त्यातून ३ डेसिबलच कमी होतात आणि संरोधाची जुळणी बदलावी लागते. इतका खटाटोप क्वचितच सार्थकी लागतो.

अधिक विचारार्ह उपाय म्हणजे विवर्धक आणि स्पीकर यांच्यामध्ये शक्तिशोषक बसविणे. ‘बोस्टन’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक व एमआयटीचे अभियंता टॉम शोल्झ यांनी १९८० च्या सुमारास ‘पॉवर सोक’ हे असे साधन बाजारात आणले. विवर्धक पूर्ण क्षमतेने चालतो आणि बहुतांश शक्ती रोधकांत उष्णता होऊन जाते. वीस वॅटच्या विवर्धकास वरील स्पीकर जोडून ३० डेसिबल शोषले तर १११ ऐवजी ८१ डेसिबल उरतात. मात्र येथे एक अडचण उद्भवते. स्पीकर हा शुद्ध रोध नाही. त्याचा संरोध खर्जातील अनुस्पंदनाच्या वारंवारतेला झपाट्याने वाढतो आणि उच्च वारंवारतेकडे प्रवर्तकत्वामुळे पुन्हा चढत जातो. नलिका विवर्धक या चढउताराला प्रतिसाद देतो, त्यामुळे खर्ज भरतो व तारेची धार राहते. केवळ रोधकांच्या शोषकात हा चढउतार सपाट होतो आणि ध्वनी मंद वाटतो. म्हणून स्पीकरच्या संरोधाचे अनुकरण करणारा प्रतिक्रियात्मक भार श्रेयस्कर. किंमत जास्त असली तरी फरक ऐकू येतो. अशा भारावरून निघालेला संकेत संगणकात स्पीकर-पेटीच्या नोंदविलेल्या प्रतिसादातून फिरवून हेडफोनवर ऐकण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. सदनिकेत राहणाऱ्यास रात्रीच्या सरावासाठी ती सर्वांत व्यवहार्य.

येथे दोन इशारे आवश्यक आहेत. स्पीकर किंवा भार न जोडता नलिका विवर्धक कधीही चालवू नये. निर्गम रोहित्रात निर्माण होणारा उच्च दाब रोहित्र व नलिका दोन्ही निकामी करू शकतो. तसेच आतील धारित्रांत यंत्र बंद केल्यावरही ४००-५०० व्होल्टपर्यंत भार टिकून राहू शकतो व तो प्राणघातक आहे. पेटी उघडण्याचे काम जाणकाराकडेच सोपवावे. शोषकाच्या नादात विवर्धक सतत पूर्ण क्षमतेने चालविल्यास शक्तिनलिका लवकर झिजतात, हा खर्चही हिशोबात धरावयास हवा.

कानाचा वाटा :

यंत्र निर्दोष ठरले तरी प्रश्न उरतोच. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कमी पातळीवर मानवी कान खर्ज आणि अतिउच्च स्वरांना मध्यम स्वरांइतका प्रतिसाद देत नाही. म्हणजे विद्युत्दृष्ट्या तोच संकेत हळू आवाजात पातळच वाटणार. विवर्धकावरील खर्जाचे व तीव्र स्वरांचे नियंत्रण किंचित वाढविल्यास ही उणीव बरीच भरून निघते, आणि अनेकदा महागड्या साधनाआधी हा बिनखर्चाचा उपाय करून पाहणे शहाणपणाचे. स्पीकर जमिनीवरून उचलून कानाच्या पातळीला आणणे हाही तसाच. त्याने फरशीवाटे खाली पोहोचणारी थरथरही घटते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही साधनाने परत येत नाही. मोठ्या आवाजात स्पीकरचा ध्वनी हवेतून गिटारच्या तारांपर्यंत पोहोचून त्यांना पुन्हा कंपित करतो व स्वर लांबत जातो. ७० डेसिबलला हा दुवा जवळजवळ तुटलेला असतो. दाबनियामक पेडल स्वर लांबवू शकते, पण गिटार विवर्धकाकडे वळवून स्वराला हवे तसे खेळविणे त्यातून साधत नाही.

घरी खर्ज व तीव्र स्वर वाढवून साधलेली जुळणी तशीच घेऊन रंगमंचावर गेल्यास ध्वनी घुमणारा व कर्कश होतो, आणि मध्यम स्वर इतर वाद्यांत बुडून जातात. विवर्धकाच्या प्रत्येक बटणासमोर घराची एक व मंचाची एक अशा दोन खुणा करून ठेवाव्या लागतात त्या यासाठीच.