पंखांची बैलजोडी

मुलांनो, खाली उतरणारी घार कधी नीट पाहिलीत का? उंच आकाशात ती पंख पसरून कशी निवांत तरंगत असते! पण बांधावर टेकायची वेळ आली की तिची लगबग पाहा. शेपटी पसरते, पंखांना बाक देते, आणि पंखाच्या पुढच्या कडेचा, आपल्या अंगठ्याच्या जागी असलेला पिसांचा छोटा झुबका वर उचलते. म्हणूनच वेग कमी झाला तरी ती धपकन पडत नाही, अलगद टेकते.

विमानालाही अगदी हेच करावं लागतं. विमानात खिडकीजवळ बसून आलेलं कुणी ओळखीचं असेल तर विचारा. उतरण्याआधी घर्रर्र असा आवाज होतो आणि पंखाचा मागचा भाग सरकून खाली झुकू लागतो. नवखा प्रवासी घाबरतो. त्याला वाटतं, पंखच मोडला! पण ते असतात फ्लॅप. आणि पुढच्या कडेला ज्या पट्ट्या बाहेर सरकतात, त्या स्लॅट.

हे कशासाठी? मोठं प्रवासी विमान वर असताना ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास धावतं. उतरताना मात्र वेग साधारण २५० वर आणावा लागतो. आता गंमत बघा. पंख तोच आणि त्याचा कोनही तोच असेल, तर वेग निम्मा झाल्यावर विमानाला उचलणारं बळ निम्मं होत नाही, पाव होतं! मग विमान हवेत राहणार कसं? म्हणून फ्लॅप पंखाला मोठा आणि जास्त बाकदार करतात. स्लॅट पुढे सरकला की त्याच्या मागे फट पडते. त्या फटीतून खालची हवा जोरात वर येते आणि पंखाच्या पाठीला चिकटून वाहते. ही हवा पंखापासून सुटली की उचल एकदम ढासळते, आणि विमान पडू लागतं.

मग फ्लॅप कायमच खाली का ठेवत नाहीत? कारण ते हवेला अडवतात. वेग मिळत नाही, इंधन जास्त जळतं. म्हणून काम झालं की ते पुन्हा आत घ्यायचे.

आता हे सगळं हलवतं कोण? मुंबई, पुणे, नागपूरला येणाऱ्या एअरबस ए-३२० या विमानाचं उदाहरण घेऊ. त्याच्या प्रत्येक पंखाला ५ स्लॅट आणि २ फ्लॅप असतात. वैमानिकाने आपल्याजवळची दांडी एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकवली की संगणकाला हुकूम मिळतो. विमानाच्या पोटात दाबाच्या तेलावर चालणाऱ्या मोटारी असतात. मोटारगाडीच्या चाकात साधारण ३० पौंड हवा भरतात ना? इथे तेलाचा दाब असतो ३,००० पौंड, म्हणजे शंभरपट! फ्लॅपसाठी दोन मोटारी असतात आणि दोघींचं तेल वेगवेगळं. एक बंद पडली तर दुसरी काम पुरं करते, फक्त निम्म्या वेगाने. स्लॅटसाठीही अशाच दोन.

या मोटारी एक लांब शाफ्ट फिरवतात. ट्रॅक्टरच्या मागे मळणीयंत्र फिरवणारा शाफ्ट तुम्ही पाहिला असेलच. तसाच हा, पण दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत गेलेला. वाटेत प्रत्येक फ्लॅपपाशी गिअरची पेटी असते. ती शाफ्टचं भरभर फिरणं हळू करते, पण त्याची ताकद वाढवते. चढावर सायकलचा गिअर बदलतो, तसंच बरं का!

पण एकच शाफ्ट दोन्हीकडे का? उत्तर आपल्या बैलगाडीत आहे. एक बैल जोरात चालला आणि दुसरा मागे राहिला, तर गाडी कडेला जाते. म्हणून दोघांच्या मानेवर एकच जू असतं. शाफ्ट हे विमानाचं जू आहे.

ही जोडी फुटली तर काय होतं? २५ मे १९७९ रोजी अमेरिकेत शिकागोला एक डीसी-१० विमान उड्डाण करत असतानाच त्याचं डावं इंजिन तुटून पडलं. त्याबरोबर पंखातल्या तेलाच्या नळ्याही तुटल्या. डावीकडचे बाहेरचे स्लॅट हवेच्या रेट्याने आत गेले, उजवीकडचे बाहेरच राहिले. स्लॅटना जागेवर धरून ठेवणारं कुलूप त्या विमानात नव्हतं. इशारा देणाऱ्या यंत्रणेची वीजही गेली होती, त्यामुळे वैमानिकांना काही कळलं नाही. डाव्या पंखाची उचल संपली, विमान डाव्या कुशीवर कलंडलं आणि कोसळलं. २७३ माणसं गेली.

ए-३२० मध्ये संगणक डाव्या-उजव्या शाफ्टचे फेरे सतत ताडून पाहतो. फरक पडला की शाफ्टवरचे ब्रेक सगळं आहे तिथेच जखडून टाकतात. मग हवेत असेपर्यंत ते सुटत नाहीत. फ्लॅप अर्धेच उघडलेले असले तरी चालेल. वैमानिक थोड्या जास्त वेगाने, लांब धावपट्टीवर विमान उतरवतो. अर्धवट चालेल, पण कमी-जास्त चालणार नाही!

करून पाहा : कागदाचं विमान बनवा. दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला सारखीच, अगदी छोटी घडी वरच्या बाजूला द्या. विमान सरळ जाईल. आता उजवीकडची घडी सपाट करून पुन्हा सोडा. पाहा, कसं डावीकडे कलंडतं!

आपल्या नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग आणि सुखोई ही लढाऊ विमानं तिथे तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बनलेलं तेजस विमान आकाशात झेपावलं. त्याच्याही पंखांना पुढे स्लॅट आहेत. अशी विमानं बनवायला मोठमोठे इंजिनिअर लागतात, तसेच केसाइतकाही फरक न करता भाग घडवणारे आणि मापं तपासणारे कारागीरही लागतात. त्यांतला एखादा उद्या तुमच्याच वर्गातला का नसावा?

तोवर घार उतरताना दिसली की थांबून पाहा. तिचे दोन्ही पंख कसे जोडीने काम करतात, ते लक्षात येईल.