दार आतून उघडं, बाहेरून बंद!

आमच्या परभणीच्या घरात एक जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतो. लेकाच्या भाषेत तो ‘होम सर्व्हर’. त्यात काय आहे म्हणाल, तर सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. त्या गेल्या, आवाज तेवढा राहिला. घरच्या वाय-फायवर ओव्या छान लागायच्या. पुण्याला वन्संच्या मोबाइलवर मात्र नुसती चकरी फिरायची. ‘‘अगं, माझ्याच आईचा आवाज मला ऐकू येईना!’’ वन्संचं हे बोलणं जिव्हारी लागलं.

लेक ड्युटीवर गेला, की मी राऊटरची सेटिंग्ज उघडून बसायची. पहिला संशय लाइटवर. लाइट जाऊन आली, की राऊटर घरातल्या यंत्रांना नवे नंबर वाटू शकतो. मग बाहेरच्यासाठी वाट करून दिलेली एका नंबराकडे अन् सर्व्हर बसलेला दुसऱ्यावर! म्हणून सर्व्हरचा नंबर कायमचा राखून ठेवला. ही वाट म्हणजे ‘पोर्ट फॉरवर्डिंग’, तेही तपासलं. मग फोनचं वाय-फाय बंद केलं आणि मोबाइल डेटावर उघडून पाहिलं. बाहेरच्याची अडचण घरबसल्या अशीच कळते. तरी चकरीच!

गोम निघाली पत्त्यात. राऊटरमध्ये दिसणारा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत होता आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या वेबसाइटवर भलताच होता. त्याचं असं आहे, की इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. मग कंपन्या एकाच पत्त्यावर अनेक घरं बसवू लागल्या. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवले गेले. म्हणजे अपार्टमेंटसारखंच की! आतून पत्र टाकलं तर उत्तर घरपोच येतं. पण बाहेरचा पाहुणा आपणहून आला, तर कुणाकडे पाठवायचं हे गेटवरच्या वॉचमनला ठाऊक नसतं. इथं आपल्या राऊटरमध्ये कितीही खटपट करा, व्यर्थ!

कंपनीकडून जास्तीचे पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेता येतो. दोन्हीकडे नवी आयपीव्ही-६ पद्धत असेल, तर तोही मार्ग आहे. आम्ही टेलस्केल घेतलं. घरगुती वापराला त्याची मोफत योजना आहे. त्यात सर्व्हर आणि फोन दोघंही आतून बाहेर हाक मारतात आणि मध्यस्थ त्यांची गाठ घालून देतो. त्या रात्री वन्संनी अकरा ओव्या ऐकल्या.

पासवर्ड मात्र कंपनीनं दिलेला ठेवू नका, बायांनो. २०१६ मध्ये ‘मिराई’नं असेच पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. आणि कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप सुरू’ ही सोय असेल, तर तीही लावून घ्या. आपल्याकडे तिची गरज पडतेच.