अर्ध्या तासापूर्वीची शिल्लक

मे २०२१. नागपुरात तरुण मुले लशीसाठी मोबाइल धरून बसलेली. 'जागा आहे' दिसे. बोट लावेपर्यंत ती भरलेली! 'कोविन'ने तेव्हाच सांगितले होते, की इतर अ‍ॅपना मिळणारी माहिती साठवलेली, ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकते. देशभरातली प्रत्येक विचारणा मूळ नोंदींपर्यंत गेली तर यंत्रणा गुदमरते; म्हणून तयार नक्कल पुढे करायची. संगणकवाले तिला 'कॅश' म्हणतात. (आमच्या कॅशियरची नव्हे!) बँकेत व्याजदराचा फलक आम्हीही भिंतीवर टांगत असू, शिल्लक मात्र लेजर उघडूनच सांगत असू. केंद्राचा पत्ता नकलेतून खुशाल द्यावा. उरलेल्या डोसांच्या आकड्याशेजारी मात्र तो किती वाजताचा, हे ठळक अक्षरांत हवेच होते.