बिनआवाजाचा रिले आणि ‘बंद’चा घोटाळा

घरात व्होल्टेज स्टॅबिलायझर असेल तर त्याचा ‘टक्’ आवाज तुमच्या चांगला ओळखीचा असेल. दिवेलागणीच्या वेळी व्होल्टेज खाली-वर झाले की तो दोन-तीनदा टकटकतो आणि मग गप्प बसतो. हा आवाज आतल्या रिलेचा. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. कॉइलमधून छोटासा प्रवाह गेला की तिचे लोहचुंबक होते, ते लोखंडाची एक पट्टी ओढून घेते आणि पट्टीवरचा पॉइंट समोरच्या पॉइंटला जाऊन टेकतो. छोट्या प्रवाहाने मोठ्या प्रवाहाला हुकूम सोडायचा, एवढेच त्याचे काम. एकोणिसाव्या शतकात तारायंत्रासाठी हा उपयोगात आला. लांबच्या तारेतून येता येता दमलेला संदेश रिले नव्या दमाने पुढच्या तारेवर चढवी. प्रवासात टप्प्याटप्प्याला घोडे बदलत, त्यावरूनच त्याला हे नाव पडले.

मंडळी, आज बोलायचे आहे ते या रिलेच्या धाकट्या भावाबद्दल. तो आवाज करत नाही. त्याच्यात हलणारा एकही भाग नाही. त्याचे नाव सॉलिड स्टेट रिले. पॅनेल बनवणारे लोक त्याला नुसते ‘एसएसआर’ म्हणतात. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, चार स्क्रूंचा, प्लास्टिकचा चौकोनी ठोकळा. गेल्या पन्नासेक वर्षांत तो कारखान्यांत शिरला आणि आता अंडी उबवण्याच्या पेट्या, छोट्या बेकऱ्यांच्या भट्ट्या, पाकिटे चिकटवण्याची यंत्रे अशा ठिकाणीही दिसतो. त्याच्याशी काम पडणाऱ्या माणसाला आता इंजिनिअर असण्याची गरज राहिलेली नाही, आणि म्हणूनच त्याच्या दोन-तीन खोडी सगळ्यांना माहीत असायला हव्यात.

आधी त्याच्या पोटात काय आहे ते पाहू. ठोकळ्याच्या एका बाजूला ३ आणि ४ असे आकडे असतात. ही हुकुमाची बाजू. इथे साधारण ३ ते ३२ व्होल्टचा डीसी पुरवठा दिला की आतला एक एलईडी पेटतो. त्याचा उजेड अवरक्त असतो, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसलाच. त्याच्यासमोर अगदी थोड्या अंतरावर प्रकाशाला दाद देणारा एक अर्धवाहक तुकडा बसवलेला असतो. उजेड पडला की तो जागा होतो आणि आपल्या मागच्या थोरल्या भावाला, म्हणजे थायरिस्टर किंवा ट्रायॅकला, चालू करतो. हा थोरला भाऊ १ आणि २ या स्क्रूंमध्ये बसलेला असतो, आणि हीटरचा प्रवाह त्याच्यातूनच जातो.

दोन्ही बाजूंमध्ये तार नाही. फक्त उजेड. चांगल्या कंपनीच्या रिलेमध्ये ही मधली फट अडीच ते चार हजार व्होल्टची चाचणी सोसते. म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला काही स्फोटक घडले तरी पाच व्होल्टवर चालणारा नाजूक कंट्रोलर आणि त्याची बटणे दाबणारा माणूस सुरक्षित राहतो. ठोकळ्यावर ‘ऑप्टिकली आयसोलेटेड’ असे छापलेले असते ते यासाठी.

एवढा खटाटोप कशासाठी? बादल्या, डबे, झाकणे बनवणाऱ्या प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात बघा. प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीला हीटरचे पट्टे गुंडाळलेले असतात. तापमान दोनशे अंशांच्या आसपास अचूक धरून ठेवायचे, तर कंट्रोलर हीटरला दर दोन सेकंदांनी थोडा वेळ चालू आणि थोडा वेळ बंद करतो. छोटा चुंबकी रिले पूर्ण भारावर साधारण लाखभर वेळा चालतो, मग त्याचे पॉइंट ठिणग्यांनी झिजतात किंवा चिकटतात. लाखाला दोनाने गुणा. दोन लाख सेकंद, म्हणजे सव्वादोन दिवसांहून थोडे जास्त. सोमवारी सकाळी बसवलेला रिले बुधवारी दुपारपर्यंत संपला! एसएसआरला पॉइंटच नाहीत, त्यामुळे झीज नाही आणि ठिणगीही नाही. शिवाय त्याची एक सभ्य सवय आहे. आपल्याकडची एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते. हीटरसाठीचे बहुतेक एसएसआर हुकूम मिळाल्यावर लगेच चालू होत नाहीत, पुढच्या शून्याची वाट पाहतात, जास्तीत जास्त सेकंदाचा शंभरावा भाग. शून्यापाशी चालू झाल्याने धक्का बसत नाही, शेजारच्या रेडिओत खरखर येत नाही. बंद होतानाही प्रवाह शून्यावर आला की मगच बंद.

इथपर्यंत सगळे छान आहे. घोटाळा सुरू होतो तो ‘आयसोलेटेड’ या शब्दापासून.

हा शब्द वाचून पुष्कळांचा समज होतो की रिले बंद असताना हीटर विजेपासून तोडलेला आहे. तसे नाही. आयसोलेशन आहे ते हुकुमाची बाजू आणि कामाची बाजू यांच्यामध्ये, ३-४ आणि १-२ यांच्यामध्ये. खुद्द १ आणि २ यांच्यामध्ये, म्हणजे मेन लाइन आणि हीटर यांच्यामध्ये, हवेची फट नाहीच. तिथे आहे सिलिकॉनचा एक तुकडा, जो या घडीला प्रवाह जाऊ देत नाही इतकेच. दार उघडे टाकून दारात पहारेकरी उभा करावा तसा हा प्रकार.

आपल्या भाषेतही ‘बंद’ हा शब्द मोठा लबाड आहे. आपण पंखा बंद करतो तेव्हा प्रवाह थांबतो, पण शाळेच्या पुस्तकात ‘बंद परिपथ’ म्हणजे ज्यातून प्रवाह वाहतो तो! म्हणून जुने वायरमन ‘लाइन तोडली का?’ असे विचारायचे. तो प्रश्न मला जास्त नेमका वाटतो. एसएसआर लाइन थांबवतो, तोडत नाही.

याचा पुरावा टेस्टर देतो. एसएसआरचा हुकूम काढून घ्या आणि हीटरची जोडणी सोडवून रिलेच्या मोकळ्या टोकाला टेस्टर लावा, तो पेटतो. मल्टिमीटर लावा, तो जवळजवळ सगळे व्होल्टेज दाखवतो. नवखा मेकॅनिक म्हणतो, रिले गेला, आणि चांगला रिले काढून टाकतो. प्रत्यक्षात हा गळतीचा प्रवाह असतो. थायरिस्टरला व्होल्टेजच्या अचानक उसळीने चुकून जाग येऊ नये म्हणून अनेक एसएसआरमध्ये त्याच्या दोन टोकांवर एक कपॅसिटर आणि रेझिस्टर जोडलेले असतात. त्या जोडीला स्नबर म्हणतात. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा असेल, तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून सुमारे सात मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहतो, रिले ‘बंद’ असताना. स्नबर नसलेल्या रिलेत ही गळती कमी असते, पण शून्य नसते.

दोन किलोवॉटच्या हीटरला सात मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. एलईडी दिव्याला मात्र तेवढे पुरते, तो रात्रभर मिणमिणतो किंवा उघडझाप करतो. आणि माणसाला? एक मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिणी कळते, दहाच्या आसपास स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. सात हा आकडा या दोहोंच्या मध्ये, आणि नको तितका दहाच्या जवळ. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला तर झटक्याने तोल जाणे एवढेच पुरे आहे. त्यात हा हिशेब धडधाकट रिलेचा झाला. तुमचा हात हीटरच्या टोकावर असताना कंट्रोलरने हुकूम सोडला तर गळतीचा प्रश्नच उरत नाही, पूर्ण फेज हातात येते. म्हणून हीटर बदलायचा असेल, नुसता स्क्रू कसायचा असेल, तरी कंट्रोलरचे बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप किंवा निदान पाटी लावायची, आणि मगच हात घालायचा.

दुसरी खोडी उष्णतेची. चुंबकी रिलेचे पॉइंट नीट टेकले की त्यांच्यात व्होल्टेज जवळपास वाया जात नाही. एसएसआर मात्र चालू असताना स्वतःकडे एक ते दीड व्होल्ट ठेवून घेतो. जकातच म्हणा. २५ अँपिअर प्रवाहाला ही जकात होते तीसेक वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटची असते. तिच्याइतकी उष्णता काडेपेटीएवढ्या ठोकळ्यात सतत निर्माण होत असेल तर तो ठोकळा किती वेळ टिकेल? म्हणून त्याला ॲल्युमिनिअमच्या पंखांचा हीटसिंक लागतो. ठोकळ्यावर छापलेले ‘२५ अँपिअर’ हे हीटसिंकसकट आणि साधारण ४० अंश तापमानाला खरे असते. हीटसिंकशिवाय चार-पाच अँपिअरच्या पुढे न गेलेले बरे. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरच ४५ अंश असतात, पत्र्याच्या शेडमध्ये दार लावलेल्या पॅनेलच्या आत त्याहून बरेच जास्त. तिथे २५ चा रिले २५ चा राहत नाही. निम्म्या भाराच्या हिशेबाने रिले घ्यावा, असे माझे मत आहे. दहा-बारा अँपिअरच्या हीटरला २५ चा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची खोडी. चुंबकी रिले बिघडताना कधी उघडा पडतो, कधी चिकटतो. एसएसआर बहुतेक वेळा चिकटतोच. म्हणजे सिलिकॉन अतितापाने वितळते आणि १ व २ यांच्यात सरळ वाट होऊन बसते. हुकूम असो वा नसो, हीटर चालू. हुकूम दाखवणारा छोटा दिवा विझलेला, कंट्रोलर ‘बंद’ म्हणतोय, आणि हीटर तापतोय. कधी अर्धाच चिकटतो, मग हीटर निम्म्या ताकदीने तापत राहतो, आणि हे तर पटकन लक्षातही येत नाही.

कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेटीत एकवीस दिवस सुमारे साडेसदतीस अंश राखावे लागतात. तापमान दोन-तीन अंशांनी चढून तसेच राहिले तर पिल्ले अंड्यातच दगावतात. अशा पेटीतला एसएसआर रात्री चिकटला तर सकाळपर्यंत सगळी खेप गेली. भट्टीत किंवा मोल्डिंगच्या यंत्रात हेच घडले तर आग लागू शकते. यावरचा उपाय जुनाच आहे, तो थोरल्या भावाकडे आहे. एसएसआरच्या आधी एक चुंबकी कॉन्टॅक्टर बसवायचा आणि त्याची कॉइल एका वेगळ्या, स्वतंत्र थर्मोस्टॅटमधून न्यायची. तापमान मर्यादेबाहेर गेले की थर्मोस्टॅट कॉन्टॅक्टर पाडतो आणि लाइन खरोखर तुटते. रोजची ये-जा एसएसआरने करायची, संकटाच्या वेळी कॉन्टॅक्टरने. कॉन्टॅक्टरचे पॉइंटही चिकटू शकतात हे खरे, पण महिनोन्महिने एकदाही ठिणगी न पडलेला पॉइंट सहसा चिकटत नाही. तरी महिन्यातून एकदा थर्मोस्टॅट मुद्दाम खाली फिरवून तो पडतो का ते पाहावे. हीटरच्या तारा एकमेकींना लागल्या तर २५ अँपिअरचा साधा एमसीबी पडेपर्यंत रिले मेलेला असू शकतो. त्याच्या बचावासाठी जलद वितळणारे खास फ्यूज मिळतात, पण ते महाग, म्हणून लोक टाळतात.

बॅटरी आणि सौर पॅनेलवाल्यांसाठी एक सूचना. एसीचा एसएसआर डीसीवर लावू नका. थायरिस्टर बंद होतो तो प्रवाह शून्यावर आला की, आणि डीसीमध्ये शून्य येतच नाही. एकदा चालू झाला की हुकूम काढला तरी चालूच राहतो. डीसीसाठी मॉसफेट बसवलेले वेगळे एसएसआर असतात. त्यांतल्या काहींची रचना मोठी गमतीची आहे. आतला एलईडी सौरपेशींच्या एका चिमुकल्या रांगेवर उजेड पाडतो आणि त्या पेशींनी बनवलेल्या विजेवर मॉसफेट चालू होतो! यांची गळती अगदी नगण्य, म्हणून मोजमापाच्या उपकरणांत त्यांना मान आहे. ट्रान्सफॉर्मरसाठी मात्र शून्याची वाट पाहणारा रिले घेऊ नये. शून्यापाशी चालू केलेला ट्रान्सफॉर्मर पहिल्या क्षणी सर्वांत जास्त प्रवाह ओढतो.

बसवतानाची कामे साधी आहेत, पण घाईत राहून जातात. हीटसिंकचा पृष्ठभाग पुसून घ्यावा, पांढऱ्या पेस्टचा पातळ थर द्यावा. जाड थर दिला तर उष्णता उलट अडते. पंख उभे ठेवावेत म्हणजे गरम हवा वर जाते. दोन रिले एकमेकांना खेटून लावू नयेत. स्क्रू घट्ट हवेत, ढिल्या स्क्रूपाशी तार जळते आणि दोष रिलेवर येतो. मेगरने इन्सुलेशन तपासताना १ व २ एकत्र आणि ३ व ४ एकत्र जोडून घ्यावेत, नाहीतर तपासणीच रिलेचा जीव घेते.

विकत घेताना शिक्क्यावर फार विसंबू नका. बाहेर ४० अँपिअर छापलेले आणि आत त्यापेक्षा पुष्कळ छोटा ट्रायॅक असे नकली ठोकळे बाजारात आहेत. फार स्वस्त आणि हातात फार हलका लागला तर शंका घ्यावी. रिले जिवंत आहे की चिकटला, हे मल्टिमीटरपेक्षा जुना शंभर वॉटचा तारेचा बल्ब चांगले सांगतो. मेन स्विच पाडून तो बल्ब १-२ मधून मालिकेत जोडा, ३-४ ला नऊ व्होल्टची बॅटरी लावण्याची सोय ठेवा, आणि मग मेन स्विच चालू करून लांबून बघा. बॅटरी लावली की बल्ब पेटला पाहिजे, काढली की पूर्ण विझला पाहिजे. गळतीच्या सात मिलिअँपिअरने असा बल्ब पेटत नाही. बॅटरी न लावताच पेटला, तर तो रिले सरळ कचऱ्यात टाका, आणि टाकण्याआधी त्याचे स्क्रू काढून ठेवा, म्हणजे दुसरे कोणी उचलून पुन्हा बसवणार नाही.