मोटारीच्या दिव्यांवरील झाकोळ आणि त्यावरील घरगुती उपाय

मोटार काही वर्षे उन्हातान्हात वापरली म्हणजे तिच्या पुढील दिव्यांवर पिवळसर झाकोळ येतो. मालक बहुधा बल्बास दोष देतो व अधिक तेजाचा बल्ब बसवितो. परंतु दोष बल्बाचा नसून त्याच्या पुढील आवरणाचा असतो. अशा आवरणातून वाढीव तेज रस्त्यावर पडण्याऐवजी इतस्ततः विखुरते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात.

पूर्वी हे आवरण काचेचे असे. आता त्याची जागा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकने घेतली आहे. १९५३ साली जर्मनी व अमेरिका या दोन्ही देशांतील रसायनशास्त्रज्ञांनी ते स्वतंत्रपणे तयार केले. ते वजनाने हलके असून खडा लागला तरी सहसा फुटत नाही. मात्र ते काचेहून मऊ असते व सूर्याच्या अतिनील किरणांनी पिवळे पडते. म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ संरक्षक लेप देतात. तो लेप झिजला की झाकोळास आरंभ होतो. अमेरिकेतील ‘एएए’ या मोटारचालकांच्या संस्थेने २०१८ साली घेतलेल्या चाचणीत अशा दिव्यांपासून नव्या दिव्याच्या सुमारे एक-पंचमांशच प्रकाश मिळाला.

उपाय करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. आवरण काचेचे असल्यास ही कृती करू नये. वाफ किंवा मळ आतल्या बाजूस असल्यास बाहेरून घासून काहीही साधत नाही.

प्रथम दिवा साबणाच्या पाण्याने धुवावा व भोवतालच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावावी. मोटार सावलीत असावी. नंतर ८०० किंवा १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेने हलक्या हाताने घासावे व पाणी सतत शिंपडावे. आरंभी पिवळसर पाणी निघते. तो जुना लेप होय. पाणी पांढरे येऊ लागले म्हणजे २००० व शेवटी ३००० नंबरचा पेपर घ्यावा. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा आडवी-उभी बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे राहिले की गेले ते दिसते. या वेळी दिवा दुधाळ दिसतो. त्याने घाबरू नये. मऊ फडक्याने रबिंग कंपाउंड चोळताच तो निवळतो.

येथे अनेक जण थांबतात आणि काही महिन्यांतच दिवा पुन्हा पिवळा पडतो. कोठार झाडून स्वच्छ करावे व दार उघडे टाकावे, तशातलाच हा प्रकार. घासताना जुना लेप गेलेला असतो. म्हणून आवरण कोरडे करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, अतिनील किरणांस रोखणारा पारदर्शक लेप त्यावर अवश्य द्यावा. फवाऱ्याचा लेप मारताना नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी व जागा हवेशीर असावी. पूर्ण वाळेपर्यंत मोटार धूळ-पाण्यापासून दूर ठेवावी.

दंतमंजनाच्या पेस्टने चोळल्यास तात्पुरती चमक येते, परंतु संरक्षण मिळत नाही. पेट्रोल, थिनर वा ॲसिटोन तर मुळीच लावू नये. त्यांनी या प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. आवरणास आतूनच तडे गेले असतील, तर दिवा बदलणे हाच मार्ग.

आपल्या व्यवसायात पहाटेची पेठ व रात्रीचा प्रवास चुकत नाही. बेळगावच्या बाजूस उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या रस्त्यावर असतात. पायी जाणारे वाटसरू व मुकी जनावरेही असतात. आपले मुनिजन ईर्यासमितीचे पालन करताना पुढील चार हात भूमी नीट निरखून पाऊल टाकतात. गृहस्थास ते व्रत त्या स्वरूपात नाही. तथापि अंधारात वेगाने गाडी हाकणाऱ्याने पुढचा जीव वेळीच दिसेल एवढी व्यवस्था ठेवणे हे अहिंसेचेच अंग आहे. त्यासाठी एक सुटीची दुपार खर्ची पडली, तर ती सत्कारणी लागली असे समजावे.