ठासणीची बंदूक आणि कागदाची पुडी

इतिहासाच्या पुस्तकातला १८५७चा धडा आठवतोय ना? चरबी लावलेलं काडतूस, ते दातांनी तोडायचं, म्हणून शिपाई चिडले... एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण काडतूस दातांनीच का तोडायचं? आणि त्याला चरबी कशाला?

याचं उत्तर स्वतः करून पाहिलेली मंडळी इंग्लंड-अमेरिकेत भेटतात. १८५३च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल जमवणं हा त्यांचा छंद. ती नुसती भिंतीवर टांगत नाहीत. मैदानावर नेऊन तिनं नेमबाजीही करतात!

भोवऱ्याची करामत

ही रायफल जवळजवळ १४० सेंटीमीटर लांब. म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांएवढी उंच! वजन चार किलोंहून जास्त. तिच्या आधीच्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असायची, त्यामुळे गोळी कुठेही भरकटायची. एनफिल्डच्या नळीत मात्र तीन पिळदार चर आहेत. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती गरगर फिरते. भोवरा फिरतोय तोवर कसा ताठ उभा राहतो? तशीच फिरती गोळी सरळ जाते.

पण ही ठासणीची बंदूक. गोळी तोंडाकडून आत ढकलायची. घट्ट असेल तर आत जाता जात नाही. सैल असेल तर चरांत बसत नाही. मग? क्लोद मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्यानं १८४९मध्ये युक्ती काढली. गोळी थोडी बारीक, पण बुडाशी पोकळ. बार उडाला की बूड फुगतं आणि चरांत घट्ट बसतं. एनफिल्डची गोळीही अशीच फुगायची.

पुडी फोडा, दारू ओता

काडतूस म्हणजे कागदाची गुंडाळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला शिशाची गोळी. एका हातात बंदूक, दुसऱ्यात काडतूस; मग कागद फाडणार कशानं? दातांनीच! दारू नळीत ओतायची, गुंडाळी उलटी करून गोळी आत सरकवायची, वरचा कागद फाडून टाकायचा आणि गजानं ठासायचं. मग घोड्याखाली छोटी तांब्याची टोपी बसवायची, की बार तयार. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. गोळी सहज सरकावी आणि नळीतली काजळी कडक होऊ नये, म्हणून गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेण.

आजच्या छांदिष्टांना घाई नसते. ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धांत 'मिनिए' नावाचा प्रकार आहे. पालथं झोपून १०० मीटरवरच्या निशाणावर ३० मिनिटांत १३ बार काढायचे. त्यांतले उत्तम १० धरतात. प्रत्येक बाराला पांढऱ्या धुराचा लोट! आणि घरी आल्यावर पाण्यानं नळी धुवायची, कोरडी करून तेल लावायचं. कंटाळा केला, तर दीडशे वर्षं टिकलेली नळी गंजलीच समजा.

खरा संग्राहक जुनी बंदूक घासूनपुसून चकचकीत करत नाही. लाकडावरचे ओरखडे आणि लोखंडावरचं साल, मुकुटाचा शिक्का हाच तिचा इतिहास. नवी वस्तू हाती आली, की आधी तो नळीत गज घालून बघतो. गज तळापर्यंत गेला नाही, तर आत जुना बार अडकलेला असू शकतो!

हरवलेली गोष्ट

आता पुन्हा १८५७कडे येऊ. चरबी गाईची आणि डुकराची आहे, अशी बातमी जानेवारीत पसरली. सरकारनं सांगितलं, तुमचं वंगण तुम्हीच लावा. पुढे दातांऐवजी हातानं तोडायलाही परवानगी मिळाली. पण उपयोग झाला नाही. २४ एप्रिलला मेरठला ९० घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसं नाकारली. आणि गंमत म्हणजे, ती काडतुसं जुन्याच प्रकारची होती! ९ मे रोजी त्यांना सर्वांसमोर बेड्या ठोकल्या. १० मे रोजी उठाव पेटला.

म्हणजे प्रश्न एकट्या चरबीचा नव्हता. राज्यकर्त्यांवरचा विश्वासच उडाला होता. आजचा छांदिष्ट आपलं वंगण आपल्या हातानं घरी तयार करतो; त्यात काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्या शिपायांना ते ठाऊक नव्हतं, आणि सांगणाऱ्यावर त्यांचा भरवसाही नव्हता.

आणखी एक गोष्ट विसरू नका. आज कागदाला भोकं पाडणारी ही रायफल माणसं मारायलाच बनवली होती. १८५७च्या लढायांत आपलीच माणसं तिच्यासमोर पडली. म्हणून ती हाताळणारा शहाणा माणूस मिरवत नाही, जपून वागतो.

आपल्याकडे बंदुकीला परवाना लागतो, तेव्हा घरी असा छंद नको बरं का! पण मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा पुण्याचं केळकर संग्रहालय पाहायला गेलात, तर जुन्या शस्त्रांपुढे जरा थांबा. आईबाबांनाही थांबवा आणि विचारा, "हे कुणाच्या हातात असेल? आणि कुणावर रोखलं असेल?" धड्यात नसलेलं बरंच काही तिथे सापडेल.